ज्युनियर स्नूकरच्या जागतिक यादीत भारतीय मुलगा का नाही?

तिरका_शॉट

२१ वर्षांखालील जागतिक स्नूकर स्पर्धा सुरू झाली १९८७ साली, आणि तीही आपल्या दिल्लीत. पहिला विजेता इंग्लंडचा जॉन बर्च. पुढे १९९१ साली स्पर्धा बंगळूरला आली आणि जिंकला रॉनी ओसुलिव्हन. मग २००७ साली गोव्यात. म्हणजे यजमान म्हणून आपण कधी कमी पडलो नाही.

आता १९८७ ते २०१९ पर्यंतची विजेत्यांची यादी काढून बघा. इंग्लंड, आयर्लंड, चीन, थायलंड, फिनलंडचा रॉबिन हल, इराणचा होसेन वफाई. श्रीलंकेच्या इंडिका दोडांगोडाने १९९३ साली नाव लावलं. भारतीय मुलगा एकही नाही. बरं, आपल्याला हा खेळ येत नाही म्हणावं, तर १९८४ साली डब्लिनला ओम अगरवाल मोठ्यांचा हौशी जगज्जेता झाला होता. बिलियर्ड्सचं तर विचारूच नका, विल्सन जोन्सपासून रांग लागली आहे.

मग मधल्या वयातच कुठे माशी शिंकते? माझं मत असं की आपल्या पोरांना बाराव्या ते सतराव्या वर्षी टेबलच मिळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

बंडोपंत

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. क्रिकेट सोडून काहीतरी आलं एकदाचं.

मार्कर_घराण्यातला

चांगला धागा. मी थोडं आतून सांगतो. वडील मुंबईतल्या एका जिमखान्यात मार्कर होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्कर म्हणजे टेबल लावणारा, गुण मोजणारा, आणि समोर कोणी नसेल तर मेंबरसाहेबांशी खेळणारा माणूस. साहेबांना जिंकू कसं द्यायचं, तेही त्यांच्या लक्षात न येता, हेसुद्धा त्याच पगारात.

सकाळी पहिलं काम ब्रशचं. डीकडून (टेबलाच्या एका टोकाची अर्धगोल खूण, जिथून खेळ सुरू होतो) काळ्या चेंडूच्या टोकाकडे, एकाच दिशेने, कधीही उलट नाही. कापडाची लव त्या बाजूला बसलेली असते. मग त्याच दिशेने टेबलाची खास इस्त्री. ही इस्त्री नीट झाली नसेल तर हळू मारलेला चेंडू शेवटच्या फूटभरात भलतीकडेच वळतो. आम्हा पोरांना टेबल मिळायचं ते दुपारी मेंबर जेवून पांगल्यावर, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत. तेही सेक्रेटरीची पाठ वळलेली असेल तर. दिवे लावायचे नाहीत, खिडकीच्या उजेडात खेळायचं.

त्यामुळे 'टेबल मिळत नाही' हे शंभर टक्के मान्य. पण एक फरक करतो. टेबलं होती. जिमखान्यांतून भरपूर होती. पोरं दाराबाहेर होती.

सुमेधा_पुणे

शीर्षकात 'मुलगा' लिहिलंत म्हणून वाचलात. :)

कर्नाटकच्या कीर्तना पांडियनने २०१८ साली सेंट पीटर्सबर्गला १६ वर्षांखालील मुलींचं जागतिक विजेतेपद जिंकलं, अंतिम फेरीत बेलारूसच्या मुलीला हरवून. आणि २०२५ साली चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रनने थेट मोठ्या बायकांची जागतिक स्पर्धा मारली, तीही हाँगकाँगच्या एन्ग ऑन यीला हरवून, जी या खेळातलं मोठं नाव आहे. तेव्हा 'मधल्या वयात माशी शिंकते' हा सिद्धांत निम्म्या लोकसंख्येला लागू होत नाही.

तिरका_शॉट

@सुमेधा, म्हणूनच तर मुलगा लिहिलं. पण मुद्दा दमदार आहे. त्याच क्लबांतून, त्याच प्रशिक्षकांकडून मुली जिंकून येतात, तर मुलगे का नाही?

अर्धवटराव

कारण मुलींच्या स्पर्धेत चीन-इंग्लंडची गर्दी त्या मानाने कमी असते. बस. (हेल्मेट घातलं आहे.)

सुमेधा_पुणे

हेल्मेट राहू दे. एन्ग ऑन यी कुठली आहे ते वर लिहिलंय, परत वाचा.

जुना_रेकॉर्ड

थोडं मागे जाऊ या का? धागाकर्त्याने सुरुवात १९८७ पासून केली, पण ज्युनियर स्पर्धांची गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे, आणि मला वाटतं उत्तराचा एक तुकडा तिथे आहे.

ब्रिटनमध्ये १९२२ साली १६ वर्षांखालच्या मुलांची बिलियर्ड्स स्पर्धा स्कॉटलंडच्या वॉल्टर डोनाल्डसनने जिंकली. लक्षात घ्या, स्नूकर नव्हे, बिलियर्ड्स. तेव्हा स्नूकर हा वेळ घालवायचा खेळ होता, खरी प्रतिष्ठा तीन चेंडूंच्या खेळाला. हा डोनाल्डसन पुढे १९४७ आणि १९५० साली स्नूकरचा व्यावसायिक जगज्जेता झाला. १९४७ ते १९५४ सलग आठ अंतिम सामने एकाच जोडीत झाले, डोनाल्डसन आणि फ्रेड डेव्हिस. आठ वर्षं तेच दोन चेहरे! आजच्या प्रेक्षकाने टीव्ही फोडला असता.

त्यानंतरही साखळी तुटली नाही. रेक्स विल्यम्स १९५१ साली सतराव्या वर्षी इंग्लंडचा हौशी विजेता झाला. १९७६ साली १९ वर्षांखालच्या बिलियर्ड्स स्पर्धेचा विजेता कोण? स्टीव्ह डेव्हिस! ज्याने पुढे अख्खं ऐंशीचं दशक स्नूकरमध्ये खाल्लं. मग १९८१ पासून बीबीसीने 'ज्युनियर पॉट ब्लॅक' ही मुलांची स्नूकर स्पर्धा टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी डीन रेनॉल्ड्स, पुढची दोन्ही वर्षं जॉन पॅरट. मध्ये बंद पडून १९९१ साली पुन्हा झाली तेव्हा रॉनी ओसुलिव्हन.

म्हणजे जागतिक ज्युनियर स्पर्धा जन्माला आली तेव्हा त्यांच्याकडे मुलांच्या स्पर्धांची साठ-पासष्ट वर्षांची सवय होती. कामगारांच्या क्लबात बापाबरोबर पोरगं जायचं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर खेळायचं. आपल्याकडे क्लब म्हणजे साहेबाचा, नंतर साहेबासारख्यांचा. मार्कर_घराण्यातला यांनी दाराबाहेरचं जे लिहिलं आहे ते अगदी मर्मावर बोट आहे.

बंडोपंत

पण स्नूकरचा शोध आपल्या जबलपूरला लागला ना? १८७५ वगैरे. शोध आपला आणि कप त्यांचा, हे बरं आहे.

जुना_रेकॉर्ड

जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये लागला, आणि लावला नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने. (पंतप्रधान चेंबरलेन वेगळा.) नियम पक्के झाले ते उटीच्या क्लबात. आपल्या माणसाचं त्यात योगदान बहुधा चेंडू उचलून देण्याचं.

मार्कर_घराण्यातला

चेंडू उचलून देणारेच खेळ सर्वात जास्त बघतात, साहेब.

गोंयकार

२००७ च्या स्पर्धेचा उल्लेख बघून बरं वाटलं. ती जिंकली मायकल जॉर्जिओने, तेव्हा तो इंग्लंडकडून खेळायचा, नंतर सायप्रसकडून खेळू लागला. २०१८ साली त्याने 'शूट आउट' ही व्यावसायिक स्पर्धा मारली. हरलेला मुलगा होता चीनचा झांग आंदा, ज्याने २०२३ साली इंटरनॅशनल चॅम्पियनशिप जिंकली. म्हणजे गोव्यात उपविजेता झालेला मुलगा सोळा वर्षांनी मोठी स्पर्धा जिंकतो. एवढा काळ तो टिकला, खेळत राहिला, कोणीतरी त्याचा खर्च उचलला. आमच्याकडचा उपविजेता सोळा वर्षांनी काय करत असतो? बँकेत असतो, किंवा दुबईत.

अवांतर: गोव्यात बारमध्ये पूलचं टेबल बघून 'आमच्याकडे स्नूकर खूप आहे' म्हणणारे पर्यटक भेटतात. बाबांनो, ते टेबल लहान, खिसे मोठे. स्नूकरचं टेबल बारा फुटांचं असतं आणि खिशाची कड गोलसर कापलेली असते, चेंडू जरा चुकला की तोंडातून बाहेर फेकते.

सातासमुद्रापार

शेफील्डमध्ये राहतो म्हणून दोन पैसे टाकतो. इथल्या अकादम्यांत चिनी मुलं बघितली आहेत. सोळा-सतरा वर्षांची, घरापासून हजारो मैलांवर, इंग्रजी जेमतेम. सकाळी टेबलावर आणि रात्रीही टेबलावर. एकदा मी एका मुलाला बघत उभा होतो. त्याने निळा चेंडू जागेवर ठेवला, पांढरा ठेवला, सरळ शॉट. पॉट केला, म्हणजे खिशात घातला. पुन्हा तोच. पुन्हा तोच. मी चहा आणायला गेलो, पिऊन आलो, तो तेच करत होता. चुकला की चेहऱ्यावर काही नाही, साधला तरी काही नाही. आपल्या मुलाला असं करायला सांगा, दहाव्या मिनिटाला 'बाबा, फ्रेम लावू या ना' म्हणेल.

याची सुरुवात डिंग जुनहुईपासून धरतात. २००२ साली रीगाला तो पंधराव्या वर्षी ज्युनियर जगज्जेता झाला. २००५ साली बीजिंगला चायना ओपनच्या अंतिम फेरीत त्याने माजी जगज्जेत्या स्टीफन हेंड्रीला हरवलं, नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. तो सामना करोडो चिन्यांनी टीव्हीवर पाहिला आणि त्यानंतर तिकडच्या आईबापांना हा खेळ म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा धंदा वाटेनासा झाला. ज्युनियर यादीत पुढे चिनी नावांची रांग लागली ती त्यामुळे: लियांग वेनबो, ली हांग, ल्यू हाओतियान, शू सी, फॅन झेंगयी, वू यीझे.

अकरावी_ब

आता आमच्यासारख्यांचं ऐका. मी शाळेत असताना राज्य पातळीवर सब-ज्युनियर खेळलो आहे. दहावीच्या वर्षी क्यू (खेळायची काठी) माळ्यावर गेला. बारावीच्या वर्षी माळ्यावरच राहिला. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी खाली काढला तेव्हा क्यू वाकला होता आणि मीही. २१ वर्षांखालील स्पर्धेचं वय नेमकं आपल्या प्रवेशपरीक्षांच्या वयात येतं, हे साधं कारण कोणी लिहिलंच नाही.

दुसरं, या खेळात पोटापाण्याचं काय? पेट्रोलियम कंपन्या आणि रेल्वेने खेळाडूंना नोकऱ्या दिल्या म्हणून हा खेळ जगला, पंकज अडवाणीसुद्धा ओएनजीसीत. पण ती नोकरी मोठ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दिसल्यावर. सतराव्या वर्षी आईबापाला दाखवायला तुमच्याकडे एक ट्रॉफी आणि स्नूकर पार्लरची उधारी असते.

चिमणरावांचा_नातू

+१. उधारीवर विशेष +१.

कॅनन_पंच्याहत्तर

सगळं वाचलं. सविस्तर असहमती नोंदवतो.

पहिली गोष्ट, पंकज अडवाणी. जन्म पुण्याचा, वाढला बंगळूरला. दहाव्या वर्षी थोरल्या भावाच्या मागे पार्लरमध्ये गेला, मग कर्नाटक बिलियर्ड्स संघटनेच्या टेबलांवर अरविंद सावूर यांच्या हाताखाली घडला. राष्ट्रीय ज्युनियर बिलियर्ड्स त्याने २०००, २००१ आणि २००३ साली जिंकली. आता २००३ हे वर्ष बघा. त्या वर्षी न्यूझीलंडमध्ये २१ वर्षांखालील जागतिक स्पर्धा जिंकली ऑस्ट्रेलियाच्या नील रॉबर्टसनने, जो २०१० साली व्यावसायिक जगज्जेता झाला. आणि त्याच वर्षी चीनमध्ये जियांगमेनला मोठ्यांची हौशी जागतिक स्पर्धा कोणी जिंकली? अडवाणीने, वय १८! ज्युनियरच्या वयात पोरगं सिनियर जगज्जेतं झालं आणि तुम्ही ज्युनियर यादीत त्याचं नाव शोधताय.

दुसरी गोष्ट, ही यादी म्हणजे जगातल्या सर्वोत्तम मुलांची यादी नव्हेच. हेंड्री १९८५ साली सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला, १९९० साली एकविसाव्या वर्षी जगज्जेता. ज्युनियर यादीत तो नाही, कारण त्याला ती खेळायची गरजच उरली नव्हती. जिमी व्हाइट १९८० साली अठराव्या वर्षी हौशी जगज्जेता, तेव्हा ही स्पर्धा सुरूही झाली नव्हती. उलट १९८७ चा जॉन बर्च पुढे व्यावसायिक झाला, पण या धाग्याआधी त्याचं नाव किती जणांनी ऐकलं होतं? हात वर करा. केन डोहर्टी हा अपवाद. त्याने १९८९ साली ज्युनियर आणि मोठ्यांची हौशी, दोन्ही जागतिक स्पर्धा जिंकल्या आणि १९९७ साली व्यावसायिकही.

तिसरी गोष्ट बिलियर्ड्स. आपल्याकडचा गुणी मुलगा दोन्ही खेळ खेळतो. बिलियर्ड्समध्ये कॅननचे (एकाच फटक्यात आपला चेंडू बाकी दोन्ही चेंडूंना लागला तर) दोन, लाल चेंडू खिशात घातला तर तीन, लालला लागून आपला चेंडू आत गेला तर तीन. तिथे हात हलका लागतो, चेंडू एकमेकांजवळ ठेवून तासन् तास गुण गोळा करायचे. स्नूकरला लांबचा पॉट धडाधड लागतो. एकात मुरलेला हात दुसऱ्यात उशिरा बसतो. गीत सेठींनी १९९२ साली बिलियर्ड्समध्ये १२७६ चा ब्रेक केला, म्हणजे न चुकता सलग तेवढे गुण. असा ब्रेक करायला लागणारी चिकाटी आपल्यात आहेच, ती फक्त वेगळ्या टेबलावर खर्च होते. मला त्यात वाईट काही दिसत नाही.

सातासमुद्रापार

@कॅनन, टेबल तेच असतं हो, चेंडू वेगळे. :) बाकी स्टीव्ह डेव्हिस ज्युनियर बिलियर्ड्स जिंकून स्नूकरमध्ये गेला हे जुना_रेकॉर्ड यांनी वर लिहिलंय. त्याचा हात कुठे उशिरा बसला?

कॅनन_पंच्याहत्तर

डेव्हिसला बिलियर्ड्स सोडायला सांगणारे पैसे स्नूकरमध्ये होते. आपल्या मुलाला कोण सांगणार?

अर्धवटराव

२१ वर्षांखालील स्पर्धांमध्ये जन्मतारखेचे घोळ होतात का? गावाकडे कुस्तीत आमच्या तालमीतला एक जण सलग चार वर्षं सतरा वर्षांचा होता.

बंडोपंत

लोल. चिरतरुण.

निळा_चेंडू

स्नूकरवाल्यांनी धागा पळवला म्हणून इतर क्यू खेळांची हजेरी लावतो. नाइन-बॉल पूलची जागतिक ज्युनियर स्पर्धा १९९२ पासून आहे. तैवानच्या वू च्या-चिंगने मात्र २००५ साली सोळाव्या वर्षी मोठ्यांचीच नाइन-बॉल जागतिक स्पर्धा मारली, आणि वर त्याच वर्षी एट-बॉलचीही. खिसे नसलेल्या टेबलावरच्या थ्री-कुशन खेळात दक्षिण कोरियाचा किम हेंग-जिक चार वेळा ज्युनियर जगज्जेता झाला. कोरियात या खेळाचे हॉल गल्लोगल्ली आहेत. तिथेही शेवटी तेच, आधी हॉल आणि मग पोरं.

तिरका_शॉट

एवढ्या चांगल्या चर्चेची अपेक्षा नव्हती. कॅनन यांचा अडवाणीचा मुद्दा बिनतोड आहे, पण एका अडवाणीवर पद्धत सिद्ध होत नाही. उलट तो बंगळूरला घडला, जिथे राज्य संघटनेची स्वतःची टेबलं आहेत आणि तिथे मुलगा क्लबचा मेंबर नसला तरी खेळू शकतो, हे माझ्याच बाजूचं आहे. मुंबईतून यासिन मर्चंट आला, आदित्य मेहता आला. मेहता २०१३ साली दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, डिंगकडून हरला. पण मुंबईत टेबलं जास्त करून जिमखान्यांत, आणि जिमखान्याचं सभासदत्व म्हणजे फ्लॅटचं डाउन पेमेंट. उरली पार्लरं. आमच्याकडच्या एका पार्लरच्या दारावर पाटी आहे, 'अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.' मालकाचं म्हणणं, परवान्याची भानगड नको. अठराव्या वर्षी आत शिरलेला मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत कुणाला हरवणार?

सुमेधा_पुणे

आता खरं उत्तर आलं. पाटीचा फोटो टाका.

आई_ठाण्याची

नमस्कार. मी इथे फक्त वाचते, पण विचारायचं आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला हा खेळ फार आवडतो. उंची कमी असल्यामुळे टेबलाच्या मध्यावरचा चेंडू पोचत नाही, मग ती कडेवर चढून पालथी पडून मारते. तिथले मोठे लोक हसतात. तिने स्टूल वापरलं तर चालतं का? उंची वाढेपर्यंत थांबवावं का?

मार्कर_घराण्यातला

ताई, अजिबात थांबवू नका. हसणाऱ्यांना हसू दे. स्टुलाची सवय मात्र लावू नका, कारण मारताना एक पाय जमिनीला टेकलेला असायलाच हवा. दोन्ही पाय उचलले की फाउल, आणि स्नूकरमध्ये फाउलचे कमीत कमी चार गुण समोरच्याला. घरच्या खेळात कोणी बोलणार नाही, पण स्पर्धेत पंच बरोबर पायाकडेच बघतो. लहान मुलं तिथेच हरतात, मी बघितलं आहे.

तिला आत्तापासून रेस्ट शिकवा, म्हणजे लांबच्या चेंडूसाठी क्यू टेकवायची काठी. मोठे लोक रेस्ट वापरायला लाजतात आणि आयुष्यभर कच्चे राहतात. रेस्टचं टोक पांढऱ्या चेंडूपासून साधारण वीतभर मागे, दांडा डाव्या हाताने टेबलावर दाबून धरायचा, क्यूचा मागचा भाग बोटांत, कोपर बाजूला काढून. उजव्या हाताची मुलगी आहे असं धरून लिहिलंय.

कॅनन_पंच्याहत्तर

आणि क्यू लहान घ्या. नियमात किमान लांबी तीन फूट आहे, कमाल नाही. ती मोठ्यांचा ५७-५८ इंची क्यू धरत असेल तर तोल मागे जातो, मग ती मनगटाने मारणार. मुलांसाठी ४८ इंचांच्या आसपासचा मिळतो.

आई_ठाण्याची

खूप आभार सगळ्यांचे. ती तो मोठाच क्यू धरते. छोटा कुठे मिळेल? आणि ठाण्यात लहान मुलांना आत घेणारं पार्लर कुणाला माहीत आहे का?

अकरावी_ब

क्यूसाठी धोबी तलावला खेळाच्या सामानाच्या दुकानांत विचारा. घ्यायच्या आधी काचेवर किंवा सपाट टेबलावर घरंगळवून बघा, सरळ आहे की नाही कळतं. पार्लरचं व्यनि (खाजगी निरोप) करतो. एक माझ्या ओळखीचं आहे, मालक सकाळी अकरापर्यंत मुलांना खेळू देतो, पण पालक सोबत हवेत आणि तिथे चहा फार वाईट मिळतो.